सही करणारा आत उभा

३ मार्च, सोमवार

विकली. सकाळी अकराला बाईंनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं." बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. कंपनी त्यांच्या यजमानांची. लिफ्ट बसवायच्या आणि चालू ठेवायच्या, एवढाच धंदा. एक्केचाळीस मेकॅनिक, ऑफिसात सहा जण आणि सगळ्यांच्या डोक्यावर मी. मालक गेल्यावर नऊ वर्षं बाईंनी ओढली. आता लेकीकडे जाऊन झोपते म्हणाल्या. घेणारी कंपनी आमच्या दहापट मोठी. महिनाअखेर दोन्हीची एक होणार.

दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. बातमी मीच द्यायची होती. घेणाऱ्या कंपनीने चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्या वाचल्या. कोणी हललं नाही. साधं खोकलंही नाही कोणी! ती शांतता मला सोसेना. कोणी विचारलेलं नसताना बोलून गेलो — "एकही माणूस जाणार नाही. माझा शब्द."

हात दाखवून अवलक्षण.

टाळ्या पडल्या. मिस्तरींनी, आमच्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकने, वाजवल्या नाहीत. मागे भिंतीला टेकून माझ्या बुटांकडे बघत होते.

४ मार्च, मंगळवार

तिकडच्या साहेबांचा फोन. शब्द कोणाला विचारून दिलात, असं विचारलं. फारच नम्रपणे.

७ मार्च, शुक्रवार

ते साहेब आज प्रत्यक्ष आले. वय छत्तीस. काखेत सतत टॅबलेट. आमच्या फोनवालीने पंधरा मिनिटांत नाव पाडलं — टॅब. आता मलाही दुसरं काही तोंडात येत नाही. एकदा समोरच म्हणणार आहे मी.

टॅबने विचारलं, "एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. कसं काय, सर?"

मी मालकांचा नियम सांगितला. लिफ्टखाली एक ब्रेक असतो, आम्ही त्याला जबडा म्हणतो. दोर तुटला तर हा जबडा बाजूचे रूळ चावून धरतो. वर्षातून एकदा त्याची चाचणी घ्यायची. छतावरच्या मशीनच्या खोलीतून एक जण लिफ्ट मोकळी सोडतो, ती हातभर पडते, जबडा धरतो. रुळावर दातांच्या खुणा उमटतात, त्या मागाहून कानशीने घासून काढायच्या. मग दाखल्यावर सही. बाकी सगळे ही चाचणी रिकाम्या लिफ्टची घेतात. मालक म्हणायचे, "सही करणारा आत उभा राहील. मग बघतो कोण सही करतोय ते." आत उभं राहून झालं की मशीनच्या खोलीत जायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने तारीख टाकून आपलं नाव लिहायचं.

टॅबने काखेतला टॅबलेट टेबलावर ठेवला. म्हणाला, "आणि सध्या सही कोणाची असते?"

"माझी. अकरा वर्षं झाली." बावीस इमारती, दरवर्षी.

"सर, आम्ही तुमचं गिऱ्हाईक विकत नाही घेतलं. हा नियम घेतला."

दोन्हीकडचा दुरुस्ती विभाग एक होईल, त्याचा प्रमुख मी व्हावं असं त्याच्या मनात आहे. मी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

९ मार्च, रविवार

इमारतीची सभा. विषय नेहमीचाच — लिफ्ट बसवावी का. आम्ही चौथ्या मजल्यावर. हिचे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरतायत. मतं सारखी पडली. मी विरोधात हात वर केला आणि विषय बारगळला. सलग चौथं वर्ष.

जिना चढताना ही प्रत्येक मजल्यावर थांबून नुसती माझ्याकडे बघायची. कुलूप उघडताना म्हणाली, "गावभर लिफ्ट लावत फिरतात, आणि दिव्याखाली अंधार."

मी म्हणालो, जिने चढणं हृदयाला चांगलं.

"कोणाच्या?"

१२ मार्च, बुधवार

इथे तरी खरं लिहावं. ही वही ऑफिसच्या खणात असते आणि किल्ली माझ्याकडे.

अकरा वर्षांपूर्वी एका चाचणीत जबडा उशिरा धरला. हातभराऐवजी दीड मजला पडलो. लागलं काहीच नाही. दार उघडेपर्यंत वीस मिनिटं आत बसून होतो, एवढंच. बाहेर आलो, सही केली, सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या आठवड्यात दुसरी इमारत. लिफ्टच्या दारात उभा राहिलो आणि पाय उचलेनात. शब्दशः! खिळे ठोकल्यासारखे. मिस्तरी शेजारी होते. मी हळूच म्हणालो, "मिस्तरी, तुम्ही जा."

ते गेले. काही विचारलं नाही. मी तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्चीत बसून सही केली.

तेव्हापासून दरवेळी तेच. वरच्या माणसाला आत कोण आहे ते दिसत नाही, 'सोड' म्हणून आतून दिलेल्या नुसत्या तीन घंटा त्याला ऐकू येतात. मी ऐटीत इमारतीत शिरायचं, दारापाशी "मिस्तरी, तुम्ही जा" म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं. वर जाऊन भिंतीवर काय लिहायचं ते मिस्तरींनीच बघायचं. मी मशीनच्या खोलीत गेलोच नाही पुन्हा. तिथून खाली बघवत नाही.

आता लिफ्टमध्येही शिरत नाही. लोकांना वाटतं साहेब व्यायाम करतात.

हे दोघांनाच माहीत. मला आणि मिस्तरींना.

१४ मार्च, शुक्रवार

दोन्ही कंपन्यांची 'मनं जुळवायची' बैठक. त्यांचे लोक निळ्या शर्टात, आमचे खाकीत. खुर्च्या गोल मांडलेल्या, एक निळा एक खाकी असं बसायचं. दहा मिनिटांत निळे एकीकडे, खाकी एकीकडे. खुर्च्या कशा सरकल्या कोणी बघितलं नाही.

शिकवायला आलेल्या बाईने प्रत्येकाला एका वाक्यात ओळख करून द्यायला सांगितली. मिस्तरी म्हणाले, "लिफ्ट दुरुस्त करतो."

"छान! आणि तुमचं स्वप्न काय?"

मिस्तरींनी प्रामाणिकपणे विचार केला. "लिफ्ट बंद पडू नये."

मग एकमेकांकडे लोकरीचा गुंडा फेकायचा खेळ. शेवटी सगळे लोकरीत अडकले. मिस्तरींनीच सोडवलं सगळ्यांना, न तोडता. तो गुंडा नीट गुंडाळून त्या बाईला परत दिला.

१७ मार्च, सोमवार

तिकडच्या मनुष्यबळ विभागाची बाई आजपासून इथे बसते. नाव पडलं — माणसंबाई. वाईट नाही. उलट चांगली आहे, म्हणून जास्त त्रास होतो. तिने यादी आणली. माझा शब्द तिला माहीत होता, आणि खरोखर खपून एक्केचाळीसपैकी चाळीस जण तिने बसवले होते.

"एकच राहतात, सर."

मला न बघताच कळलं.

विमा कंपनीची अट आहे. ज्याच्याकडे परीक्षेचं प्रमाणपत्र नाही त्याने एक तारखेपासून लिफ्टला हात लावायचा नाही. मिस्तरी सातवी पास. तेविसाव्या वर्षी मालकांनी हाताला धरून आणलं, आज चोपन्न. आमच्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलं, आणि त्या पोरांकडे प्रमाणपत्रं आहेत! मिस्तरी दारापाशी कान लावून सांगतात, तिसऱ्या मजल्याचा रोलर गेलाय. प्रमाणपत्र नसलं की दुसरीकडेही कोणी उभं करणार नाही.

"गेटवर बसवता येईल," माणसंबाई म्हणाल्या. "पगार थोडा कमी."

यादीखाली माझी सही हवी. अठ्ठावीसपर्यंत.

१८ मार्च, मंगळवार

वजन केलं. दीड किलो उतरलं. ही म्हणते, बघा, जिने मानवले.

१९ मार्च, बुधवार

माणसंबाईंनी अटींचे सगळे कागद पुन्हा वाचले. मला सांगत नव्हत्या पण वाचत होत्या. आज दुपारी धावत आल्या. "सर, एक वाट आहे!" अट अशी — प्रमाणपत्र नसलं तरी दहा वर्षं सुरक्षेच्या चाचण्या स्वतः, म्हणजे आमच्याकडे आत उभं राहून, घेतल्या असतील तर चालतं. "मिस्तरींनी कधी घेतल्यात का?"

मी म्हणालो, "चाचण्या तर मीच घेतो."

"हो ना," त्या म्हणाल्या. "म्हणूनच विचारलं. मध्ये एखाद वर्षी तुम्ही आजारी वगैरे..."

"मी आजारी पडत नाही."

त्या निघून गेल्या. मी खिडकीपाशी उभा राहिलो. म्हणजे असं — मी खरं सांगितलं तर मिस्तरी राहतात आणि मी जातो. अकरा वर्षं खोट्या सह्या करणाऱ्याला कोण ठेवेल? गप्प बसलो तर मिस्तरी जातात आणि मी दोन्ही कंपन्यांचा प्रमुख होतो. लहान मुलालाही उत्तर येईल. माझं वय अठ्ठावन्न.

२१ मार्च, शुक्रवार

मिस्तरींना केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हटलं तर बसले नाहीत. यादीचं सांगितलं. दहा वर्षांच्या वाटेचंही सांगितलं, कारण ते न सांगणं म्हणजे फारच झालं असतं. वाटलं, आता म्हणतील — मग सांगा की त्यांना, साहेब.

म्हणाले, "तुम्ही शब्द दिलात तेव्हाच कळलं होतं, एक जण जाणार. तुम्ही घाबरलात की मोठं बोलता."

"गेटची नोकरी देतायत."

"गेटवर बसून दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकू? तिला काय होतंय ते कळणार, आणि उठायचं नाही. नको, साहेब."

मग म्हणाले, धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं. जाताना माझ्या केबिनच्या दाराची बिजागरी दोनदा हलवून बघितली. "तेल हवंय याला."

दुपारी स्वतःच येऊन तेल घातलं.

मला लाज वाटते. एवढंच लिहितो.

२३ मार्च, रविवार

हिला सांगितलं. सगळं. कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली नाही, म्हणून जरा जपूनच सांगितलं.

आणखी एक कांदा चिरला. मग म्हणाली, "म्हणजे माझे गुडघे तुमच्या भीतीपायी झिजले."

"तसंही म्हणता येईल."

"दुसरं कसं म्हणता येईल, सांगा."

सगळा कांदा चिरून झाल्यावर म्हणाली, "अहो, भीती वाटते तर वाटते. त्यात काय एवढं! पण त्या माणसाला दारातून आत ढकलायचं, आणि आता घराबाहेरही ढकलायचं? उद्या जा आणि सांगा."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. खाली राहायला जाऊ. तळमजल्यावर."

२४ मार्च, सोमवार

सांगितलं.

टॅबसमोर बसलो आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. दीड मजला, खिळे, वॉचमनची खुर्ची, सगळं. माणसंबाई पण होत्या. बोलून झाल्यावर वाटलं, सुटलो. राजीनामा खिशातच होता.

टॅब गालात हसला. "सर, मला वाटलंच होतं तुम्ही असं काहीतरी कराल."

मला कळेना. त्याने टॅबलेट माझ्याकडे फिरवला. खरेदीआधी त्यांचे लोक आमच्या सगळ्या इमारतींच्या छतावर जाऊन फोटो काढून आले होते. मशीनच्या खोल्यांच्या भिंती. पेन्सिलीच्या ओळी, एकाखाली एक, अकरा वर्षांच्या. प्रत्येक ओळीत तारीख, आणि पुढे मिस्तरींच्या गोल गोल अक्षरात — साहेब आत होते.

साहेब आत होते. साहेब आत होते. साहेब आत होते. त्याने बोटाने सरकवून पुढच्या इमारतीचा फोटो दाखवला. तिथेही तेच. बावीसच्या बावीस.

"अक्षर माझं नाही!" मी म्हणालो.

"मिस्तरींचं आहे, माहितीये. ते साक्षीदार. आपलं नाव आपणच लिहिणारे पुष्कळ असतात, सर. तुमचं नाव तुमच्या माणसाने लिहिलंय."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगावं तितके त्याचे डोळे जास्त भरून यायला लागले! मेकॅनिकसाठी स्वतःचं नाव घालवायला निघालेला साहेब त्याने म्हणे पहिल्यांदाच बघितला. प्रमुखपदाचं पत्र आजच काढतो म्हणाला.

"आणि मिस्तरी?"

"अट अट आहे, सर. मला वाईट वाटतं."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

२५ मार्च, मंगळवार

मिस्तरींना गाठलं. गोदामात दोर मोजत होते. "भिंतीवर माझं नाव का लिहिलंत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाले, "सही तुमची होती ना, साहेब. मग आत तुम्हीच. मी आपला तुमच्या जागेवर उभा होतो. जागा तुमचीच."

"अहो, पण खोटं होतं ते!"

"मालकांचा नियम मोडला असता नाहीतर."

दोर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. माझ्यामुळे आकडा चुकला होता.

२६ मार्च, बुधवार

पत्र आलं. दुरुस्ती विभाग प्रमुख, दोन्ही कंपन्या. केबिन सातव्या मजल्यावर. जिन्याने एकशे चाळीस पायऱ्या. आज दोनदा मोजल्या.

चढता चढता सुचलं! मी आत उभाच राहू शकत नाही, हाच तर पुरावा. टॅबला म्हटलं, उद्या माझी चाचणी घ्या. लिफ्टमध्ये मला उभं करा आणि वरून सोडा. ज्याने अकरा वर्षं दोनशेच्या वर चाचण्या दिल्या तो कसा उभा राहील आणि मी कसा राहीन ते डोळ्यांनी बघा. टॅब म्हणाला, "कशाला, सर." माणसंबाई म्हणाल्या, "बघू या की. मीही आत येते."

बाई धीट आहे.

२७ मार्च, गुरुवार

दहा मजली इमारत. टॅब तळमजल्यावर दारापाशी, आत मी आणि माणसंबाई. वर मशीनच्या खोलीत मिस्तरी. दुसरं कोण असणार, वर तेच असतात असं या दोघांना वाटतं. मीही हो म्हणालो. डोकं ठिकाणावर नव्हतं.

दाराशी पाय अडकले. माणसंबाईंनी कोपराला धरून आत घेतलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. शर्ट पाठीला चिकटला होता. भिंतीचा दांडा धरला आणि तीन घंटा दिल्या. डोळे मिटले. लिफ्ट जरा खाली गेली. खाड् असा आवाज झाला. थांबली.

मी डोळे उघडले. उभा होतो! दोन्ही पायांवर, सरळ. माणसंबाई म्हणाल्या, "इतकंच?"

मला काहीही झालं नाही. म्हणजे हसूच आलं. अकरा वर्षं कशाला भ्यालो मी? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! खाली आलो तर टॅब टाळ्या वाजवत होता. "बघा, शरीर खोटं बोलत नाही, सर." मीही हसलो. त्याच्याशी हात मिळवला. लिफ्टने पुन्हा वर गेलो आणि पुन्हा खाली आलो, हौसेने.

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. घरी येईपर्यंत मला मिस्तरींची आठवणसुद्धा झाली नाही. चार मजले शीळ घालत चढलो. हिला म्हटलं, पुढच्या सभेत लिफ्टच्या बाजूने हात वर करणार.

ती म्हणाली, "आणि मिस्तरी?"

शीळ बंद झाली.

२८ मार्च, शुक्रवार

यादी टेबलावर. सही आजची. पेन उघडून बसलो होतो, साडेदहाला कालच्या इमारतीतून फोन आला. रुळावरच्या खुणा घासायला पाठवलेला मेकॅनिक होता.

"साहेब, काल चाचणी नक्की इथेच झाली ना?"

"हो. का?"

"घासायला काहीच नाही. एक दात उमटलेला नाही रुळावर."

जबड्याने धरलं की खूण उमटतेच. खूण नाही म्हणजे जबड्याने धरलं नाही. म्हणजे लिफ्ट पडलीच नाही!

मिस्तरींना बोलावलं. यावेळी मी उभा आणि त्यांना जबरदस्तीने बसवलं. "काल काय केलंत वर?"

"चाक हाताने फिरवलं. हळूहळू. हातभर खाली घेतली."

"आणि तो आवाज?"

"हातोडी होती."

मी ओरडलो. काय काय बोललो आठवत नाही. तुमची नोकरी होती त्यात, मूर्ख माणसा, असंही बोललो, ते मात्र आठवतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्हाला भीती वाटते ना, साहेब," मिस्तरी म्हणाले. "मला माहीत असताना कसा सोडू?"

मी पेनाला टोपण लावलं. माणसंबाईंना सांगितलं, एक दिवस वाढवून द्या. उद्या पुन्हा. वर तुमचा माणूस हवा.

२९ मार्च, शनिवार

मिस्तरी कामावर आहेत. मी नाही.

वर त्यांचा इंजिनिअर होता. खाली दाराशी टॅब आणि मिस्तरी. तिसऱ्या मजल्यावरून तीन घंटा दिल्या. पडली. माणसंबाई म्हणाल्या, "अगं बाई!" मी काय म्हणालो ते त्यांनी लिहून घेतलंय, खालपर्यंत ऐकू गेलं म्हणे. "मिस्तरी, तुम्ही जा! मिस्तरी, तुम्ही जा!" किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही.

हाताने खाली उतरवलं आम्हाला. दार उघडलं तेव्हा मी जमिनीवर बसलेलो, माणसंबाईंचा पाय धरून. आणि मिस्तरी नेहमीसारखे आत यायला निघाले होते.